प्रकाश वळतो, पण किती?

कृष्णविवराजवळून जाणारा प्रकाश वळतो, हे वाक्य आता शाळेतील मुलेही सहज म्हणतात. १० एप्रिल २०१९ रोजी एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे चित्र जाहीर झाले, तेव्हा बहुतेक वृत्तपत्रांच्या मथळ्यांचा आशय एकच होता : आइन्स्टाइनचे म्हणणे पुन्हा खरे ठरले. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ते चित्र वर्गात लावलेही असेल. चित्र अवश्य लावावे. मात्र त्याखाली काय लिहायचे, याचा थोडा विचार करायला हवा. प्रकाश वळतो एवढ्यावरून आइन्स्टाइन बरोबर ठरत नाही. प्रकाश न्यूटनच्या हिशेबातही वळतो आणि आइन्स्टाइननंतर मांडल्या गेलेल्या अनेक सिद्धान्तांतही वळतो. निवाडा होतो तो 'किती वळतो' यावर. या 'किती'चा इतिहास सव्वादोनशे वर्षांचा आहे, आणि कृष्णविवराचे ते चित्र त्यातील शेवटचे पान नव्हे.

आधी एक शब्दाची बाब. काचेतून किंवा पाण्यातून जाताना प्रकाश दिशा बदलतो त्याला आपण वक्रीभवन किंवा अपवर्तन म्हणतो. गुरुत्वाकर्षणामुळे प्रकाश वळतो तेव्हा मध्ये कोणतेही माध्यम नसते आणि तांबडा-निळा असा भेदही नसतो. सर्व रंग सारखेच वळतात. म्हणून आम्ही येथे 'वळणे' किंवा 'विचलन' हेच शब्द वापरणार आहोत.

न्यूटनच्या मते प्रकाश म्हणजे कणांचा झोत. कणांवर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम व्हायलाच हवा, असा विचार करून जॉन मिचेल या इंग्रज धर्मोपदेशकाने १७८३ मध्ये एक हिशेब मांडला. सूर्याच्याच घनतेचा पण सूर्याच्या सुमारे ५०० पट व्यास असलेला तारा असेल, तर त्याच्या पृष्ठभागावरून निघालेला प्रकाश दूर निसटू शकणार नाही, तो मागे ओढला जाईल. कृष्णविवराच्या कल्पनेचे हे पहिले रूप. फ्रान्समध्ये लाप्लासने १७९६ मध्ये हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. जर्मनीतील झोल्डनर याने १८०१ मध्ये उलटा प्रश्न विचारला : प्रकाश निसटतो खरा, पण ताऱ्याच्या कडेने जाताना तो किती वाकतो? वस्तू जड असो वा हलकी, गुरुत्वाकर्षणात ती सारख्याच मार्गाने जाते हे गॅलिलिओपासून ठाऊक होते. त्यामुळे प्रकाशकणाचे वस्तुमान किती हे माहीत नसले तरी अडत नव्हते. सूर्याला घासून जाणाऱ्या किरणासाठी झोल्डनरचे उत्तर आले ०.८४ विकला.

अंशाचा ६० वा भाग ती कला आणि कलेचा ६० वा भाग ती विकला. एक सेंटिमीटर रुंदीची वस्तू सुमारे दोन किलोमीटरवरून पाहिली तर डोळ्याशी जो कोन होतो, तो एक विकला. हा कोन मोजता येण्यासारखा नाही, असे खुद्द झोल्डनरचेच मत होते. पुढे प्रकाश ही लहर आहे असे ठरले आणि हा हिशेब विस्मृतीत गेला. १९२१ मध्ये तो पुन्हा वर काढला फिलिप लेनार्डने, आणि तोही आइन्स्टाइनने उसनवारी केली असे दाखवण्यासाठी! लेनार्ड नोबेल पारितोषिक मिळालेला पदार्थवैज्ञानिक होता, पण ज्यूद्वेषाने आंधळा झाला होता. त्याने एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवली. झोल्डनरचे उत्तर आइन्स्टाइनच्या अंतिम उत्तराच्या निम्मे होते.

हे 'निम्मे' पुढच्या सगळ्या कथेची किल्ली आहे.

आइन्स्टाइनने १९११ मध्ये प्रथम हा प्रश्न हाताळला तेव्हा त्याचेही उत्तर ०.८३ विकला, म्हणजे जवळजवळ झोल्डनरचेच आले होते. त्याचा युक्तिवाद असा : जड वस्तूजवळ घड्याळे मंद चालतात. दुरून पाहणाऱ्याला तेथे प्रकाशही किंचित मंदावलेला दिसतो. मग तरंगाग्राची सूर्याकडची बाजू मागे रेंगाळते आणि बाहेरची पुढे जाते. कवायतीत रांग वळवताना आतल्या टोकाची मुले पावले आखडती घेतात तसेच हे. हे विचलन मोजण्यासाठी फ्रॉइंडलिश हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ २१ ऑगस्ट १९१४ च्या खग्रास सूर्यग्रहणाकरिता क्रिमियात गेला. त्याच महिन्यात महायुद्ध पेटले आणि रशियनांनी त्याला त्याच्या दुर्बिणींसह ताब्यात घेतले. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथकही रशियात होते, त्यांना ढगांनी दगा दिला. यापैकी कोणाचेही निरीक्षण यशस्वी झाले असते तर? आकाशाने आइन्स्टाइनला चूक ठरवले असते. कारण प्रकाश तेव्हाही त्याच्या भाकिताच्या दुप्पटच वळत होता.

नोव्हेंबर १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धान्त पूर्ण झाला आणि उत्तर दुप्पट झाले. आजच्या आकड्यांनी ते १.७५ विकला येते. घड्याळे मंद होण्यामुळे निम्मे विचलन होते. उरलेले निम्मे होते ते सूर्याजवळचे अवकाशच वाकलेले असते म्हणून. तेथे त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित वेगळी येते. न्यूटनच्या चित्रात अवकाश सपाट असल्याने हा दुसरा भाग नाहीच.

याच काळात फिनलंडचा नॉर्डस्ट्रॉम दुसरा एक सिद्धान्त घडवत होता. १९१३ मधील त्याची मांडणी गणिताच्या दृष्टीने अगदी नेटकी होती आणि आइन्स्टाइनने स्वतः तिचा गांभीर्याने अभ्यास केला होता. त्या सिद्धान्तात अवकाशाचा भाग काळाच्या भागाला नेमका उलट पडतो, दोन्ही एकमेकांना खोडतात आणि प्रकाश मुळीच वळत नाही.

आज हे सर्व एका आकड्यात सांगतात. एकक वस्तुमान अवकाशाला किती वाकवते ते दाखवणाऱ्या संख्येला 'गॅमा' म्हणतात. विचलन असते १.७५ विकला गुणिले (१ + गॅमा) भागिले २. गॅमा १ असेल तर पुरे १.७५, म्हणजे आइन्स्टाइन. गॅमा ० असेल तर निम्मे, म्हणजे न्यूटन. गॅमा उणे १ असेल तर शून्य, म्हणजे नॉर्डस्ट्रॉम. एकाच सरळ सूत्रात तीन सिद्धान्त बसतात. अकरावी-बारावीच्या वर्गात हे फळ्यावर मांडून पाहावे.

२९ मे १९१९ चे ग्रहण सर्वांना माहीत आहे. ब्राझीलमधील सोब्राल येथे क्रॉमेलिन आणि डेव्हिडसन गेले, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील प्रिन्सिपे बेटावर एडिंग्टन आणि कॉटिंगहॅम गेले. निवड तीन आकड्यांतच करायची होती : शून्य, ०.८७ किंवा १.७५. सोब्रालच्या लहान दुर्बिणीने १.९८ दिले, त्यातील संभाव्य चूक ०.१२. प्रिन्सिपेने १.६१ दिले, संभाव्य चूक ०.३०. सोब्रालच्याच दुसऱ्या दुर्बिणीने मात्र ०.९३ दाखवले, म्हणजे जवळजवळ न्यूटन! उन्हाने तिचा आरसा तापून प्रतिमा विस्कटल्या होत्या, म्हणून तो आकडा बाजूला ठेवला गेला. यावर पुढे बराच वाद झाला. आमच्या मते निर्णय योग्य होता, कारण त्या काचांवरील तारे उघडच अस्पष्ट होते. शिवाय १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियात वालाल येथे लिक वेधशाळेच्या पथकाने घेतलेल्या कितीतरी अधिक ताऱ्यांच्या मापनातून १.७२ हे उत्तर आले. मात्र '१९१९ मध्ये आइन्स्टाइन सिद्ध झाला' हे वाक्य सैल आहे. १९१९ मध्ये न्यूटन आणि नॉर्डस्ट्रॉम बाद झाले, असे म्हणणे अधिक काटेकोर.

दुसरा दावेदार

१९६१ मध्ये प्रिन्स्टन येथील रॉबर्ट डिकी आणि त्याचा विद्यार्थी कार्ल ब्रान्स यांनी एक नवा सिद्धान्त मांडला. तो आइन्स्टाइनच्या विरोधात नव्हता, त्याचा विस्तार होता. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात गुरुत्व स्थिरांक सर्वत्र सारखा. ब्रान्स आणि डिकी यांच्या मते तो स्थिरांक नसून विश्वातील एकूण द्रव्यावर अवलंबून असणारे एक क्षेत्र आहे. या क्षेत्राला प्रत्येक ठिकाणी केवळ एक संख्या असते, दिशा नसते, म्हणून त्याला अदिश क्षेत्र म्हणतात. तापमान हे अशा क्षेत्राचे रोजचे उदाहरण. सूर्य हे क्षेत्रही निर्माण करतो आणि गुरुत्वाकर्षणाचा काही भार त्यावर पडतो. त्या प्रमाणात अवकाश कमी वाकते. म्हणजे गॅमा १ पेक्षा थोडा कमी. सिद्धान्तात 'ओमेगा' ही एक संख्या मोकळी होती. डिकीला ती ५ च्या आसपास असावी असे वाटे. ओमेगा ५ घेतला तर गॅमा सहा-सप्तमांश येतो आणि सूर्याजवळचे विचलन १.७५ ऐवजी १.६३ विकला.

फरक सात टक्क्यांचा. १९७३ मध्ये सहारातील मॉरिटानिया देशात टेक्सासच्या पथकाने ग्रहणातील ताऱ्यांचे पुन्हा मापन केले, तेव्हा चूक दहा टक्क्यांच्या वर होती. ग्रहणाच्या मार्गाने हा निवाडा होणे शक्यच नव्हते.

तो झाला रेडिओ दुर्बिणींमुळे. रेडिओ लहरींना सूर्यप्रकाशाची अडचण नसते, ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये थ्री-सी २७९ हा क्वासार सूर्याच्या मागे जातो आणि थ्री-सी २७३ त्याच्यापासून जवळच असतो. दोघांतील कोन कसा बदलतो ते १९६९ पासून मोजले जाऊ लागले. फोमालाँ आणि श्रामेक यांनी ग्रीन बँक येथे दुसऱ्या काही रेडिओ स्रोतांची निरीक्षणे घेतली आणि १९७५ च्या सुमारास चूक एक टक्क्यावर आणली. उत्तर आइन्स्टाइनच्या बाजूने होते. त्यानंतर कॅसिनी हे अवकाशयान शनीकडे जात असताना, २००२ मध्ये, त्याच्याकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांवर सूर्याचा काय परिणाम होतो ते मोजले गेले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर असे : गॅमा आणि १ यांतील फरक लाखात दोन-चारपेक्षा अधिक नाही. ब्रान्स-डिकी सिद्धान्त टिकवायचा तर ओमेगा ५ नव्हे, ४०,००० च्या वर घ्यावा लागतो. सिद्धान्त नाकारला गेला नाही, पण इतका आकसला की त्याचे वेगळेपण दिसेनासे झाले.

मग प्रकरण संपले म्हणायचे का? नाही, आणि त्याचे कारण साध्या अंकगणितात आहे. कोणत्याही वस्तुमानाला एक लांबी जोडता येते : गुरुत्व स्थिरांक गुणिले वस्तुमान भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. तिला आपण गुरुत्वीय लांबी म्हणू. सूर्याची गुरुत्वीय लांबी आहे अवघी १.४८ किलोमीटर आणि सूर्याची त्रिज्या सुमारे ६,९६,००० किलोमीटर. दोहोंचे गुणोत्तर दशलक्षात दोन. विचलनाचे सूत्र या गुणोत्तराची मालिका असते : पहिले पद गुणोत्तराचे, दुसरे त्याच्या वर्गाचे, तिसरे घनाचे. सूर्याजवळ पहिल्या पदापुढचे सर्व इतके नगण्य की दोन सिद्धान्तांचे पहिले पद सारखे असेल तर बाकी कितीही वेगळे असो, सूर्याला त्याचा पत्ता लागत नाही. दुसरी, तिसरी, दहावी पदे पाहायची तर हे गुणोत्तर १ च्या जवळपास जाईल अशी जागा हवी. ती जागा म्हणजे कृष्णविवर.

अंधाराचा आकार

कृष्णविवराभोवतीच्या किरणांचा हिशेब फार जुना आहे. गणितज्ञ हिल्बर्टने १९१७ मध्येच दाखवले होते की गोल वस्तुमानापासून गुरुत्वीय लांबीच्या ३ पट अंतरावर प्रकाश चक्क वर्तुळात फिरू शकतो. त्या काळी कोणी ते खऱ्या आकाशाला लावून पाहिले नाही. १९५९ मध्ये चार्ल्स गाल्टन डार्विनने (उत्क्रांतिवाद्या डार्विनचा हा नातू) सर्व मार्गांचा तपशीलवार अभ्यास केला. लांबून येणारा किरण आपल्या मार्गाने सरळ गेला असता तर केंद्रापासून जेवढ्या अंतरावरून गेला असता, ते अंतर गुरुत्वीय लांबीच्या ५.२ पटींहून थोडे जास्त असेल तर किरण कृष्णविवराभोवती एक, दोन, तीन प्रदक्षिणा घालून पुन्हा बाहेर पडतो. त्याहून कमी असेल तर आत जातो तो कायमचा. म्हणून कृष्णविवराच्या मागे उजेड असेल तर आपल्याला एक काळी चकती दिसेल, तिचा व्यास गुरुत्वीय लांबीच्या १०.४ पट. ही चकती म्हणजे कृष्णविवर स्वतः नव्हे. घटनाक्षितिजाचा व्यास ४ पटच असतो. ही त्याची छाया, प्रकाश वळल्याने अडीच पटींहून मोठी दिसणारी.

फिरणाऱ्या कृष्णविवराची छाया कशी दिसेल ते जेम्स बार्डीनने १९७३ मध्ये दाखवले. फिरण्याने ती किंचित एका बाजूला सरकते आणि चपटी होते, पण तिचा आकार चारेक टक्केच बदलतो. १९७९ मध्ये फ्रान्सच्या ल्युमिने याने छिद्रपट्ट्यांवर चालणाऱ्या संगणकाकडून आकडे काढून घेतले आणि शाईचे ठिपके हाताने मांडून कृष्णविवराभोवतीच्या तप्त चकतीचे पहिले सविस्तर चित्र तयार केले. आजची रंगीत चित्रे पाहिलेल्यांनी ते एकदा जरूर पाहावे.

आता प्रश्न : आइन्स्टाइनखेरीज इतर सिद्धान्तांत ही छाया किती मोठी? येथे पहिले उत्तर चमत्कारिक आले. स्टीफन हॉकिंगने १९७२ मध्ये सिद्ध केले की ब्रान्स-डिकी सिद्धान्तातील स्थिर झालेले कृष्णविवर आइन्स्टाइनच्या कृष्णविवरासारखेच असते, तसूभरही वेगळे नाही. तारा कोसळताना त्याचे अदिश क्षेत्र लहरींच्या रूपाने निघून जाते आणि मागे काही उरत नाही. म्हणजे ज्या सिद्धान्तात सूर्य प्रकाशाला कमी वळवतो, त्याच सिद्धान्तात कृष्णविवर मात्र आइन्स्टाइनइतकेच वळवते! छायेचे कितीही सुंदर चित्र काढले तरी या दोन सिद्धान्तांत निवड होणार नाही. ती कॅसिनीनेच करावी लागली. याउलटही उदाहरण आहे. अदिश क्षेत्र द्रव्याऐवजी थेट अवकाश-कालाच्या वक्रतेशी जोडणारे सिद्धान्त आहेत. १९९६ मध्ये अशा एका सिद्धान्तातील कृष्णविवरे संगणकाने काढली गेली, त्यांच्याभोवती क्षेत्र टिकून राहते. या घराण्यातील एका सरळ प्रकारात ताऱ्यांभोवती मात्र ते दूरवर पसरत नाही. तेथे सूर्य गप्प आणि कृष्णविवर बोलते.

या प्रश्नाच्या इतिहासात मुंबईचेही नाव आहे. के. एस. वीरभद्र, डी. नरसिंह आणि शशिकुमार चित्रे यांनी १९९८ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. नरसिंह आणि चित्रे हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. त्यांनी वस्तुमान आणि अदिश क्षेत्राचा 'भार' अशी दोन्ही असलेली वस्तू भिंगाचे काम कशी करील ते तपासले. अशी वस्तू घटनाक्षितिजाने झाकलेली नसते, म्हणून ती कृष्णविवर नव्हे. वस्तुमानाच्या मानाने हा भार थोडा असेल तर ती जवळजवळ कृष्णविवरासारखीच वागते. नुसत्या प्रतिमा पाहून क्षितिज आहे की नाही हे ओळखणे कठीण. भार फार वाढला की चित्र बदलते. मागचा तारा नेमका रेषेत आला की कृष्णविवराभोवती त्याचे तेजोवलय दिसते. येथे एकाऐवजी दोन वलये दिसतात, नाहीतर एकही दिसत नाही. पुढे २००० मध्ये वीरभद्र आणि जॉर्ज एलिस यांनी प्रदक्षिणा घालून येणाऱ्या प्रकाशाच्या प्रतिमांचा हिशेब मांडला. २००२ मध्ये इटलीच्या बोत्सा याने दाखवले की ज्या ज्या गोल वस्तूभोवती प्रकाश वर्तुळात फिरू शकतो, त्या सर्वांच्या जवळ विचलन एकाच रीतीने वाढत जाते. सिद्धान्ताप्रमाणे बदलतात ते त्या सूत्रातील दोन गुणांक. अर्थात पुन्हा तोच 'किती'!

मोजपट्टीचा प्रश्न

आता त्या चित्राकडे येऊ. पृथ्वीवर विखुरलेल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून एप्रिल २०१७ मध्ये ही निरीक्षणे घेतली गेली. एम ८७ मधील तेजस्वी कड्याचा व्यास ४२ सूक्ष्मविकला आढळला, चूक ३. विकलेचा दशलक्षांश ती सूक्ष्मविकला. हा आकडा आइन्स्टाइनशी जुळतो का? ते ठरवायला आधी कृष्णविवराचे वस्तुमान आणि अंतर माहीत हवे. अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे. वस्तुमानासाठी मात्र दोन आकडे उपलब्ध होते. केंद्राभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या गतीवरून ते सूर्याच्या सुमारे ६.२ अब्जपट येत होते, तर वायूच्या गतीवरून सुमारे ३.५ अब्जपट. विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा : सूर्याची गुरुत्वीय लांबी १.४८ किलोमीटर, तिला वस्तुमानाने गुणा, १०.४ ने गुणा, अंतराने भागा आणि कोन काढा. पहिल्या वस्तुमानाने छाया ३८ सूक्ष्मविकला येते, दुसऱ्याने २१. कडे छायेपेक्षा थोडे मोठे असते हे धरले तर ४२ हा आकडा पहिल्याशी जुळतो.

पण येथे जपून पाऊल टाकायला हवे. कृष्णविवराचे वस्तुमान ६.५ अब्ज असे जे छापून येते, ते त्या कड्यावरूनच, आइन्स्टाइनचा सिद्धान्त खरा धरून काढलेले आहे. त्याच वस्तुमानाने त्याच सिद्धान्ताची परीक्षा घेतली तर ते उत्तरपत्रिका लिहिणाऱ्यानेच तपासण्यासारखे होईल. परीक्षा घ्यायची तर ताऱ्यांवरून काढलेले वस्तुमानच घ्यावे लागते. २०२० मध्ये तसे केल्यावर छाया अपेक्षेशी सुमारे १७ टक्क्यांच्या आत जुळली. कॅसिनीच्या लाखात दोन-चारशी तुलना केली तर १७ टक्के म्हणजे फारच ढोबळ. परंतु ही चाचणी वेगळ्या जागेची आहे. सूर्याजवळ अदृश्य असलेली पदे येथे दिसतात. उदाहरणार्थ, विद्युतभाराची कमाल मर्यादा गाठलेल्या कृष्णविवराची छाया १०.४ ऐवजी ८ पट, म्हणजे २३ टक्क्यांनी लहान असते. तसे भार वेगळ्या नावाने अनेक नव्या सिद्धान्तांत येतात, आणि त्यांतील टोकाचे प्रकार या मर्यादेबाहेर पडतात.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर या कामी अधिक सोयीचे. एस-२ हा तारा त्याच्याभोवती १६ वर्षांत एक फेरी घालतो. त्याच्या आणि शेजारच्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षे मोजल्या गेल्याने वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाखपटींहून थोडे अधिक, हे चांगले ठाऊक आहे. त्या कामासाठी गेन्झेल आणि घेझ यांना २०२० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे मोजपट्टी आधीच तयार होती. अपेक्षित छाया ५० ते ५३ सूक्ष्मविकला. मे २०२२ मध्ये जाहीर झालेले उत्तर सुमारे ४९, चूक ७. जुळते, पण सात म्हणजे काही थोडे नव्हे.

आणखी एक अडचण फारशी सांगितली जात नाही. कृष्णविवर म्हटले की प्रचंड घनता, प्रचंड वक्रता असे आपण गृहीत धरतो. लहान कृष्णविवराबाबत ते खरे आहे. पण घटनाक्षितिजाची त्रिज्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि घनफळ तिच्या घनाने. म्हणून क्षितिजाच्या आतील सरासरी घनता वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, आणि क्षितिजाजवळची वक्रताही त्याच प्रमाणात. एम ८७ मधील कृष्णविवराची ही सरासरी घनता दर घनमीटरला अर्ध्या किलोग्रॅमपेक्षाही कमी भरते. आपल्या श्वासातील हवाही त्याहून दाट! तेथील क्षितिजाजवळ अवकाश-कालाची वक्रता सूर्याच्या पृष्ठभागावरच्यापेक्षा कमी आहे. प्रकाश तेथे अडकतो तो वक्रता तीव्र आहे म्हणून नव्हे, तर ती फार मोठ्या प्रदेशावर पसरली आहे म्हणून. ज्या सिद्धान्तांचे वेगळेपण तीव्र वक्रतेतच उघड होते, त्यांच्यासाठी ही महाकाय कृष्णविवरे अगदी निरुपयोगी आहेत. त्यांना सूर्याच्या पाच-दहा पट वस्तुमानाची कृष्णविवरे हवीत, आणि ती इतकी लहान की त्यांची छाया पाहण्याची आशाच नको. तेथे गुरुत्वीय लहरींचाच आधार. अशा लहरी २०१५ पासून टिपल्या जात आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या ज्या वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली, तिचे काम याच प्रकारचे.

तरी नवे सिद्धान्त का रचले जातात, असे विद्यार्थी विचारतील. कारणे साधी आहेत. दीर्घिकांतील तारे दिसणाऱ्या द्रव्याच्या मानाने फार वेगाने फिरतात. १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे आढळले. आणि व्यापक सापेक्षता पुंजवादाशी अजून जुळलेली नाही. काहींनी अदृश्य द्रव्य मानले, काहींनी गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलून पाहिला. त्यांनाही प्रकाशाने अडवले. दीर्घिका प्रकाशाला जितक्या वळवतात तितक्या त्या नव्या नियमात वळवत नव्हत्या. बेकेनस्टाइनने २००४ मध्ये त्यावर तोड काढली, पण १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाच्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण जवळजवळ एकाच वेळी पोचले. ती मांडणी त्यात टिकली नाही.

कृष्णविवराच्या प्रकाशात अजून एक मोजमाप दडलेले आहे. तेजस्वी कड्याच्या आत अनेक बारीक वलये असायला हवीत : अर्धी प्रदक्षिणा अधिक घालून आलेल्या प्रकाशाचे एक, आणखी अर्धी घातलेल्याचे दुसरे. न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात प्रत्येक पुढचे वलय आधीच्यापेक्षा सुमारे २३ पट बारीक असते. या २३ ला भोवतालच्या वायूच्या तपमानाशी किंवा घनतेशी देणेघेणे नाही. ते केवळ अवकाश-कालाच्या रचनेतून येते, आणि सिद्धान्त बदलला की बदलते. मात्र पृथ्वीएवढ्या दुर्बिणीची तीक्ष्णता, आज वापरतात त्या १.३ मिलिमीटर तरंगलांबीला, सुमारे २० सूक्ष्मविकला इतकीच आहे. ही वलये सुटी दिसायला पृथ्वीच्या व्यासापेक्षा लांब अंतरावर दुर्बिणी ठेवाव्या लागतील, म्हणजे त्यांतील एखादी तरी अवकाशात पाठवावी लागेल. तसे प्रस्ताव मांडले गेले आहेत.